फॉर्म की फलक? टर्मिनल.गुई, टेक्स्चुअल, बबल टी आणि रॅटाटुई यांतून निवडताना

समजा, सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या यंत्राचं टर्मिनल उघडून देणारी सुरक्षित जोडणी) शिरून वापरायचं एक साधन तुम्हाला लिहायचं आहे. कमांडपुढे पर्याय टाइप करून भागण्यासारखं नाही. याद्या, रकाने, बटणं आणि वर मेनू अशी पूर्ण स्क्रीन हवी आहे. तेच साधन विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर सारखंच चाललं पाहिजे. मग लायब्ररी कुठली घ्यायची?

याचं उत्तर बहुतेक वेळा भाषेवरून दिलं जातं. सी शार्प येत असेल तर टर्मिनल.गुई, पायथन येत असेल तर टेक्स्चुअल, गोसाठी बबल टी आणि रस्टसाठी रॅटाटुई. उत्तर चुकीचं नाही, पण त्यात तुमच्या स्क्रीनचा विचारच झालेला नसतो, आणि ते काम अर्धं झाल्यावर लक्षात येतं. मी आधी विचारतो की तुमची स्क्रीन फॉर्म आहे की फलक. फॉर्म माणूस भरतो. टॅब दाबत पुढे सरकतो, चुकला तर मागे येतो, शेवटी ‘जतन करा’ दाबतो. फलकावर आकडे आपोआप बदलत राहतात, माणूस बघतो आणि मध्येच एखादी ओळ निवडतो. एका कामात सोपी वाटणारी लायब्ररी दुसऱ्या कामात घाम काढते. म्हणून खालची तुलना मी याच अंगाने केली आहे.

तिन्हीकडे चालणं अवघड का असतं

युनिक्सच्या जगात टर्मिनल म्हणजे बाइटांची ये-जा. प्रोग्रॅम अक्षरं पाठवतो, त्यांच्यामध्येच एस्केप सिक्वेन्स म्हणजे टर्मिनलसाठीच्या सांकेतिक सूचना पेरतो, आणि टर्मिनल त्यावरून कर्सर हलवतं, रंग बदलतं. १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० टर्मिनलची भाषा आजची टर्मिनलंही बोलतात. टर्मिनलागणिक होणारे फरक झाकायला बर्कलीत कर्सेस ही लायब्ररी जन्माला आली. तिचा आजचा अवतार म्हणजे एनकर्सेस.

विंडोजचा कन्सोल वेगळ्या कुळातला. स्क्रीनच्या जाळीतल्या या घरात, या रंगात, हे अक्षर ठेव, असं थेट विंडोजच्या फंक्शनला सांगायचं. एस्केप सिक्वेन्स पाठवली तर ती कचऱ्यासारखी स्क्रीनवर उमटायची. २०१६ मध्ये विंडोज १० ला या सिक्वेन्स कळू लागल्या, २०१८ मध्ये कॉनपीटीवाय ही कन्सोलचे प्रोग्रॅम इतर टर्मिनलांना जोडणारी सोय आली आणि २०२० मध्ये विंडोज टर्मिनलची १.० आवृत्ती. त्यानंतरच दोन्ही जगं खऱ्या अर्थाने जवळ आली.

एनकर्सेस या तुलनेत मी घेतलेली नाही. सी भाषेत आणि फक्त युनिक्सवर काम असेल तर ती आजही भक्कम आहे. पण पायथनच्या विंडोजवरच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये कर्सेस मॉड्यूल येतच नाही, एवढ्यावरून अंदाज यावा. तिन्ही प्रणालींवर चालायचं असेल तर नवं काम थेट कर्सेसवर सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेट कोण सांभाळतं

या चार लायब्ररींचे सरळ दोन गट पडतात.

टर्मिनल.गुई आणि टेक्स्चुअलमध्ये स्क्रीनवरचं प्रत्येक विजेट, म्हणजे बटण, रकाना, यादी असा तुकडा, हे एक जिवंत ऑब्जेक्ट असतं. मजकुराचा रकाना तयार केला की त्यात काय लिहिलंय, कर्सर कुठे आहे, फोकस कोणाकडे आहे (म्हणजे दाबलेली कळ कोणाला मिळणार), हे सगळं तो रकाना आणि लायब्ररी मिळून लक्षात ठेवतात. तुम्ही फक्त सांगता की बटण दाबलं गेलं की हे कर.

बबल टी आणि रॅटाटुईमध्ये स्थिती तुमची, चित्रही तुमचं. प्रोग्रॅमची सगळी स्थिती तुमच्या हातात असते आणि तिच्यावरून दर वेळी पूर्ण स्क्रीन नव्याने काढली जाते. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच टर्मिनलकडे पाठवण्याचं काम लायब्ररी करते.

फलकासाठी दुसरी पद्धत फार सुखाची आहे. आकडा बदलला की चित्र पुन्हा काढा, संपलं. कुठल्या विजेटला जाऊन ‘आता तुझी किंमत बदल’ असं सांगावं लागत नाही, त्यामुळे स्क्रीन एक सांगते आणि माहिती दुसरंच, अशी फारकत होत नाही. पण १५ रकान्यांचा फॉर्म याच पद्धतीने लिहायला घ्या. टॅब दाबला की फोकस कुठे जावा, शिफ्ट-टॅबने मागे कसा यावा, बंद केलेला रकाना कसा वगळावा, चुकीचा आकडा भरला तर कर्सर कुठे थांबवावा, हे सगळं हाताने लिहावं लागतं. दोन-तीन रकान्यांचं काही वाटत नाही. पंधराव्याला तुम्ही स्वतःचीच विजेट लायब्ररी लिहायला बसलेले असता.

टर्मिनल.गुई: फॉर्मचं घर

जुन्या डॉस प्रोग्रॅममध्ये वर मेनूची पट्टी, मधोमध खिडक्या आणि तळाला शॉर्टकटची ओळ असायची. त्या रूपाची आठवण करून देणारी ही लायब्ररी. तिची सुरुवात मिगेल दे इकाझा यांनी केली. मिडनाइट कमांडर हा प्रसिद्ध फाइल व्यवस्थापक आणि डॉटनेट (सी शार्पचं व्यासपीठ) विंडोजबाहेर नेणारा मोनो प्रकल्प त्यांनीच सुरू केलेले. पहिलं रूप कर्सेसला बांधलेलं होतं. पुढे ते कुठल्याही कन्सोलवर चालेल असं नव्याने रचलं गेलं. आज ती विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते आणि परवाना एमआयटी आहे.

तिची खरी दौलत म्हणजे तयार विजेट. मजकुराचे रकाने, तारखेचा रकाना, याद्या, तक्ता, झाडासारखी उलगडणारी रचना, डायलॉग, मेनूपट्टी, पायरीपायरीने पुढे नेणारा विझार्ड, इतकंच काय, बाइट दाखवणारा हेक्स संपादकही त्यात आहे. फोकस, टॅबचा क्रम, माउस, निवड, कॉपी-पेस्ट यांची काळजी लायब्ररी घेते. फॉर्म लिहिणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं. सोबत येणारा यूआय कॅटलॉग हा नमुना प्रोग्रॅम आधी चालवून पाहा. जवळजवळ प्रत्येक विजेट त्यात हाताळून बघता येतं, आणि माझ्या अनुभवात कागदपत्रांपेक्षा तोच जास्त शिकवतो.

मांडणीची पद्धत मला मनापासून आवडते. घराचा आकडा न देता नातं सांगायचं: हा रकाना त्या लेबलच्या उजवीकडे, रुंदी उरलेली सगळी जागा, बटण मधोमध, यादी खिडकीच्या ३० टक्के. खिडकीचा आकार बदलला की मांडणी आपोआप जुळते. वेगळी भाषा शिकावी लागत नाही, सगळं सी शार्पमध्येच राहतं, आणि चूक बहुधा कंपायलरच दाखवतो.

ती किती मुरलेली आहे याचा एक दाखला मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या कमांड-शेलच्या बाजूने मिळतो. टर्मिनलमध्येच तक्ता उघडून ओळी निवडू देणारी ‘आउट-कन्सोलग्रिडव्ह्यू’ ही कमांड याच लायब्ररीवर उभी आहे.

आता अडचणी. सगळ्यात मोठी अडचण आवृत्तीची. पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत पाया इतका बदलला आहे की पहिलीसाठी लिहिलेला कोड दुसरीवर जसाच्या तसा चालत नाही. इव्हेंटची नावं बदलली, चौकट आणि समास यांची रचना बदलली, स्क्रोल करणं विजेटच्या अंगभूत आलं, आणि १६ रंगांच्या जागी पूर्ण रंग आले. नवं काम असेल तर मी दुसरी आवृत्तीच घेईन. पण शोधून सापडलेलं उदाहरण कुठल्या आवृत्तीचं आहे, हे पाहिल्याशिवाय त्यातली एक ओळही उचलू नका. नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ इथेच जातो.

दुसरी अडचण थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांची. मागे चालणाऱ्या कामातून थेट रकान्याला हात लावायचा नसतो, तर बदल मुख्य लूपकडे सोपवायचा असतो. डेस्कटॉपचे प्रोग्रॅम लिहिलेल्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. इतरांना मात्र कधीतरीच उगवणारे, पकडता न येणारे दोष भेटतात.

डॉटनेटमध्ये स्पेक्टर.कन्सोल नावाची आणखी एक लायब्ररी आहे आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात. स्पेक्टर सुंदर तक्ते, प्रगतीच्या पट्ट्या आणि एकेक प्रश्न विचारणं यासाठी आहे. पूर्ण स्क्रीन ताब्यात घेऊन फोकस फिरवणं हे तिचं काम नाही. तुमचं साधन चार प्रश्न विचारून निकाल छापणार असेल तर स्पेक्टर पुरे, टर्मिनल.गुईचं ओझं कशाला?

टेक्स्चुअल: सगळ्यात लवकर देखणं

विल मॅकगुगन यांच्या रिच या पायथन लायब्ररीवर टेक्स्चुअल उभी राहिली. वेब बनवणाऱ्याला ती पाहताक्षणी ओळखीची वाटते. विजेटांची रचना पायथनमध्ये आणि रूप वेबपानांच्या सीएसएससारख्या वेगळ्या फाइलमध्ये. प्रोग्रॅम चालू असतानाच ती फाइल बदलून परिणाम बघता येतो. रंगसंगती, समास, दुमडणारे भाग यांवर हात फिरवायला याहून सोयीचं काही मी वापरलेलं नाही.

फॉर्म आणि फलक, दोन्हीकडे ती चांगली चालते. तयार विजेट भरपूर आहेत, आणि एखादी किंमत बदलली की स्क्रीन आपोआप ताजी करणारी गुणधर्मांची सोय फलकाला उपयोगी पडते. चाचण्यांच्या बाबतीत ती चौघींत सगळ्यात पुढे आहे असं मी म्हणेन. खोट्या कळा दाबणारा, खोटा माउस फिरवणारा ‘पायलट’ तिच्यातच आहे, आणि स्क्रीनचं चित्र जपून पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून बघण्यासाठी पायटेस्ट या चाचण्यांच्या साधनाचं वेगळं प्लगइन मिळतं. शिवाय तोच प्रोग्रॅम ब्राउझरमध्येही दाखवता येतो. एसएसएच न वापरणाऱ्या सहकाऱ्याला याचा खरोखर उपयोग होतो.

घोडं अडतं ते वाटपात. ज्या यंत्रावर साधन न्यायचं तिथे पायथन हवं, योग्य आवृत्तीचं हवं, आणि लागणाऱ्या लायब्ररींसाठी वेगळं वातावरण हवं. हे सांभाळणारं पिपएक्स किंवा यूव्ही असेल तर सुकर, नाहीतर प्रत्येक सर्व्हरवर नवी कहाणी. प्रोग्रॅम सुरू व्हायलाही क्षणभर जास्त लागतो. दिवसभर उघडा राहणाऱ्या साधनाला त्याने फरक पडत नाही, दर दोन मिनिटांनी उघडायच्या साधनाला पडतो.

लायब्ररीमागची टेक्स्चुअलाइझ ही कंपनी २०२५ मध्ये गुंडाळण्यात आली, पण टेक्स्चुअल मुक्त स्रोत प्रकल्प म्हणून सुरू राहिली. पाच-सात वर्षं टिकवायच्या साधनासाठी निवडताना ही गोष्ट माहीत असलेली बरी. मी तिच्यामुळे नकार देणार नाही, मात्र आवृत्ती पक्की बांधून ठेवीन.

बबल टी आणि रॅटाटुई: चित्र काढणाऱ्या दोघी

चार्म या कंपनीची बबल टी गो भाषेतली. तिची रचना एल्म भाषेवरून घेतलेली: एक मॉडेल, संदेश आला की नवं मॉडेल देणारं अपडेट, आणि मॉडेलवरून मजकूर तयार करणारा व्ह्यू. फाइल वाचणं, नेटवर्कवर विचारणा करणं अशी रेंगाळणारी कामं अपडेटमध्ये करायची नाहीत. ती कमांड म्हणून परत द्यायची आणि निकाल संदेश होऊन येतो. शिस्त आधी जाचक वाटते, पण नंतर थ्रेडच्या भांडणांतून सुटका होते आणि अपडेट हे साधं फंक्शन असल्यामुळे चाचणी स्क्रीनशिवायही करता येते.

साधन इतरांना वाटायचं असेल तर गोला तोड नाही. एका यंत्रावर बसून विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी एकेक बायनरी (थेट चालणारी फाइल) बनवा आणि देऊन टाका. छोट्या फॉर्मसाठी त्यांचीच ‘हह’ ही जोड-लायब्ररी आहे. तिच्यात स्क्रीन-रीडर वापरणाऱ्यांसाठी साधे एकापाठोपाठ प्रश्न विचारण्याची सोय आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. पूर्ण स्क्रीन सतत नव्याने रंगवणारे प्रोग्रॅम दृष्टिहीन वापरकर्त्यांना अतिशय त्रासाचे होतात, आणि ही बाब लायब्ररी निवडताना बहुतेक जण विचारातच घेत नाहीत.

मोठ्या फॉर्मला मात्र बबल टी दमवते. एकात एक मॉडेल ठेवली की संदेश कोणाकडे पोचवायचा हे तुम्हीच ठरवायचं, फोकसही तुमच्याकडेच. गोच हवी आणि फॉर्म मोठा, अशी अट असेल तर टीव्ह्यू ही लायब्ररी पाहा. ती ऑब्जेक्ट जपणाऱ्या गटातली आहे, आणि कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणारी प्रणाली) चालवणाऱ्यांना माहीत असलेलं के९एस हे साधन तिच्यावरच बांधलेलं आहे.

रॅटाटुई ही रस्टमधली. टीयूआय-आरएस हा प्रकल्प मंदावल्यावर २०२३ मध्ये त्याची शाखा काढून कार्यकर्त्यांनी ती पुढे नेली. आलेख, पट्ट्या, छोट्या चढउतार-रेषा, तक्ते आणि अगदी नकाशा काढायचा कॅनव्हास, हे सगळं तयार मिळतं. मजकूर लिहायचा रकाना मात्र मूळ लायब्ररीत नाही, तो बाहेरच्या क्रेटमधून (रस्टच्या पॅकेजमधून) आणावा लागतो. या एका गोष्टीवरूनच ती कशासाठी बनली आहे ते कळतं. सेकंदाला अनेकदा बदलणारा फलक हवा, मेमरी कमी लागायला हवी, तर माझी पहिली पसंती हीच.

कळांसारख्या घटनांची वाट बघत फिरणारा इव्हेंट लूप ती देत नाही, तो तुम्हीच लिहायचा. कळा वाचायला सहसा क्रॉसटर्म ही लायब्ररी वापरतात. टर्मिऑन हा पर्याय विंडोजवर चालत नाही, त्यामुळे तिन्हीकडे जायचं असेल तर तो आधीच बाद. क्रॉसटर्मचा एक खड्डा सांगून ठेवतो: विंडोजवर कळ दाबल्याची आणि सोडल्याची अशा दोन घटना येतात, लिनक्स आणि मॅकवर नेहमीच्या मांडणीत एकच. म्हणून लिनक्सवर नीट चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोजवर प्रत्येक अक्षर दोनदा उमटतं. घटना ‘दाबल्याची’ आहे का, एवढं तपासलं की झालं. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

चौघींनाही चुकत नाही असं दुखणं

एक कळांचं. युनिक्सच्या बाइटांमध्ये टॅब आणि कंट्रोल-आय एकच, एंटर आणि कंट्रोल-एम एकच. एस्केप कळीचा बाइट आणि बाणाच्या कळीची सुरुवात तीच, म्हणून एस्केप दाबल्यावर पुढे काही येतंय का हे बघायला लायब्ररीला क्षणभर थांबावं लागतं. संथ जोडणीवर हा घोळ वाढतो. विंडोजचा कन्सोल मात्र नेमकी कळ सांगू शकतो. परिणाम असा की विंडोजवर बेतलेले छान शॉर्टकट एसएसएचवर गप्प बसतात. किटी या टर्मिनलने आणलेला कीबोर्ड प्रोटोकॉल हे सोडवतो, पण तो सगळ्या टर्मिनलांत नाही. त्यात काही टर्मिनलं एफ-१० किंवा एफ-११ स्वतःच गिळतात. साधी अक्षरं, बाण, टॅब, एंटर एवढ्यावर सगळं काम होईल असं बघा आणि बाकीचे शॉर्टकट वरकड समजा.

दुसरं दुखणं आपल्या लिपीचं, आणि यावर मला थोडं थांबायचंय. टर्मिनल म्हणजे सारख्या रुंदीच्या घरांची जाळी. इंग्रजी अक्षराला एक घर, चिनी अक्षराला दोन. ‘क्षि’ला किती? युनिकोडमध्ये ते चार भाग आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. हलन्ताला शून्य घरं, यावर साधारण एकमत आहे. वेलांटी, काना अशा चिन्हांना अक्षरांच्या रुंदीची काही कोष्टकं एक घर देतात, काही शून्य. त्यामुळे एकाच ‘क्षि’साठी कोणी २ घरं धरतं, कोणी ३. शिवाय २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून असं जोडाक्षर एकच गट मानायचा नियम आला, म्हणजे मोजण्याची आणखी एक तऱ्हा.

लायब्ररी आपल्या कोष्टकाने मोजते, टर्मिनल त्याच्या. दोघांचं पटलं नाही की त्या ओळीची उजवी चौकट सरकते, तक्त्याचे स्तंभ तिरके होतात, कर्सर अक्षराच्या मध्येच उभा राहतो. मराठी मजकूर संपादित करायचा रकाना हवा असेल तर यांपैकी एकीवरही आंधळा भरवसा ठेवू नका. मी नेहमी करतो ती तपासणी अशी: ‘स्त्री’, ‘क्षितिज’, ‘वैशिष्ट्य’, ‘र्‍हास’ हे शब्द तक्त्याच्या मधल्या स्तंभात भरायचे आणि प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक टर्मिनलमध्ये रेषा सरळ राहते का ते बघायचं. जिथे जमत नाही तिथे देवनागरीचा स्तंभ सगळ्यात शेवटी, उजवीकडे ठेवायचा आणि त्याच्यापुढे चौकट काढायची नाही. उपाय ओबडधोबड आहे, पण वाचणाऱ्याला मजकूर नीट वाचता येतो.

तर मग कोणी काय घ्यावं

नोंदी भरायच्या स्क्रीन, अनेक डायलॉग, मेनू, आणि मागे आधीच डॉटनेटचा कोड असेल, तर टर्मिनल.गुई. इथे मला जराही शंका नाही. डॉटनेट नसलं तरी, फॉर्म खरोखर मोठा असेल तर फक्त या कामासाठी सी शार्पकडे वळण्याचा विचार करण्याइतकी ती चांगली आहे. वाटपाला रनटाइमसकट एकच फाइल बनवता येते, गोच्या बायनरीपेक्षा ती जड होते एवढंच.

संघात पायथन, साधन आतल्या आत वापरायचं, आणि आठवडाभरात काहीतरी दाखवायचं असेल तर टेक्स्चुअल. अनोळखी लोकांच्या यंत्रावर जाणारं, छोटं, चटकन उघडणारं साधन असेल तर बबल टी. रात्रंदिवस चालू राहणारा, भराभर बदलणारा फलक असेल तर रॅटाटुई.

दोघींमध्ये अडकलात तर नमुन्यातली यादी बनवून ठरवू नका, ती सगळ्यांतच छान दिसते. तुमच्या साधनातली सगळ्यात किचकट स्क्रीन घ्या आणि दोन्हींत ती एकेक दिवस देऊन लिहून बघा. मग खिडकी ८० स्तंभ आणि २४ ओळींवर आणा, एसएसएचवरून उघडा, विंडोजवर उघडा, माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर चालवा. आणि मध्येच मुद्दाम प्रोग्रॅम पाडा. पडल्यानंतर टर्मिनल पूर्ववत होतं, की टाइप केलेलं दिसेनासं होऊन ‘रिसेट’ कमांड आंधळेपणी मारावी लागते, हे कामाला लागण्याआधीच कळलेलं बरं.